एक्केचाळिसावा तुकडा

एक्केचाळीसला एक आणि एक्केचाळीस सोडून कशानेच भाग जात नाही. शाळेतल्या मुलांनाही हे माहीत असतं. मला मात्र ते एका रविवारी सकाळी फोनवरून समजावून सांगण्यात आलं. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून नुकताच आत आलो होतो आणि दारातल्या रबरी मॅटवर बूट आपटत होतो. फोनवर कॅनडातल्या आमच्या रेजिना शहराच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते. गृहस्थ निवृत्त इंजिनिअर. मी प्रांतिक सरकारच्या एका खात्यात इतरांनी केलेली आकडेमोड तपासायचं काम करतो, हे त्यांना ठाऊक होतं. बहुधा म्हणूनच त्यांनी सुरुवात गणितापासून केली.

"तुम्ही आकड्यांतले माणूस, तुम्हाला लगेच पटेल," ते म्हणाले. "तुकडे आलेत एक्केचाळीस. पाचाच्या ओळी केल्या तर एक उरतो. सहाच्या केल्या तर पाच उरतात. साताच्या केल्या तर सहा. आठाच्या केल्या तर परत एक. प्राइम नंबर आहे हो! गोधडी काटकोनात बसणारच नाही. चाळीस असते तर पाच आठे चाळीस, झकास काम."

"बरं, मग?"

"मग एक तुकडा थांबवावा लागतोय. या वेळेपुरताच हं. तुमच्याकडचा. वहिनींना तुम्हीच जरा सांगाल ना? तुम्ही सांगितलंत म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही."

गोधडीचं प्रकरण असं होतं. वसंतात गावातल्या सगळ्या समाजांचा एक मोठा मेळा भरतो. जो तो आपापल्या हॉलमध्ये आपलं खाणं, नाच, कपडे मांडतो. आमच्या मंडळाने ठरवलं की या वेळी भिंतीवर एक मोठी गोधडी टांगायची. प्रत्येक घराने एक नऊ इंची चौकोनी तुकडा द्यायचा, तोही घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या अंगावरच्या जुन्या कापडाचा. एक घर, एक तुकडा. कल्पना चांगली होती. मला आवडली होती. इथल्या प्रेअरीवरच्या, म्हणजे गवताळ मैदानातल्या, बायकाही पिढ्यान्‌पिढ्या क्विल्ट शिवत आल्या आहेत, त्यामुळे बघणाऱ्यांना ती समजावून सांगावी लागली नसती.

माझ्या बायकोने तिच्या आईच्या लुगड्याचा तुकडा दिला होता. सासूबाई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. दरवर्षी एप्रिलच्या जयंतीला त्या निळ्या काठाची पांढरी साडी नेसून मिरवणुकीत पुढे चालायच्या. त्यांच्या मागे ती साडी सुटकेसमधून आमच्याबरोबर इथे आली, आणि बेसमेंटमधल्या कपाटात डांबराच्या गोळ्यांशिवाय, लवंगा घातलेल्या पुरचुंडीसकट ठेवलेली होती. बायकोने ती टेबलावर पसरली, पट्टी ठेवली, खडूने आखली, आणि मग कात्री हातात घेऊन बराच वेळ नुसती बसून राहिली. मी म्हटलं, दुसरं काही दे. ती म्हणाली, "दुसरं काय देऊ? आईचं हेच होतं." तिने तो अशा बेताने कापला की चौकोनाच्या एका कडेला काठ पूर्ण यावा. काठ अर्धवट कापला जाऊ नये म्हणून तीनदा मोजलं.

तो तुकडा थांबवायचा होता. आणि कारण काय, तर एक्केचाळीसला भाग जात नाही!

"आमचाच का?" मी विचारलं.

"तसं काही नाही हो. तुमचा शेवटी आला ना."

हे खोटं होतं. आमचा तुकडा पहिल्याच आठवड्यात गेला होता. बायकोने स्वतः, इस्त्री करून, पातळ कागदात गुंडाळून अध्यक्षांच्या घरी नेऊन दिला होता आणि तिथे चहा पिऊन आली होती. शेजारच्या सॅस्कटून शहरातून बदली होऊन आलेली दोन घरं आमच्यानंतरची होती. त्यांचे तुकडे मी माझ्या गाडीतून पोचवले होते. हे सगळं मी अध्यक्षांना सांगितलं.

"असेल, असेल," ते म्हणाले. "पण कुठेतरी रेघ मारावीच लागते."

मी म्हटलं, मग एक वाढवा. बेचाळीस म्हणजे सहा साते. मंडळाचं नाव भरतकामाने काढा एका चौकोनावर, गोधडी काटकोनात बसेल, कोणाचं काहीच जाणार नाही.

"छे छे. एक घर, एक तुकडा असा नियम ठरलाय मीटिंगमध्ये. भरतीचा तुकडा घालायचा नाही, मोकळी जागा सोडायची नाही. नियम म्हणजे नियम."

म्हणजे एक तुकडा वाढवायला नियम आडवा येत होता. एक कमी करायला येत नव्हता. ज्या नियमात 'एक घर, एक तुकडा' म्हटलं आहे, त्याच नियमाने एका घराला शून्य तुकडे मिळत होते, आणि एका इंजिनिअरला त्यात काही विसंगत दिसत नव्हतं. फोन ठेवला तेव्हा माझ्या कानशिलावर घाम आला होता. बाहेर उणे एकोणतीस होतं.

इथे कोणी कोणाची जात विचारत नाही, असं आमचे लोक फार अभिमानाने सांगतात. बरोबर आहे, विचारत नाहीत. आडनाव विचारतात. मग गाव विचारतात. मग गावात घर कुठे, ते विचारतात. मग एखादी काकू पॉटलकला, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, प्लेट हातात घेऊन, अगदी गोड आवाजात म्हणते, "तुमचा एप्रिलमध्ये वेगळा कार्यक्रम असतो ना?" आम्ही बौद्ध आहोत. आमचा कार्यक्रम असतो, आणि आम्ही तो मोकळेपणाने करतो. पण मंडळाचीही वर्गणी भरतो, गणपतीला खुर्च्या मांडतो, दिवाळीला माझी बायको चकल्या करून नेते आणि त्या सगळ्यात आधी संपतात. चकल्यांच्या वेळी भाग बरोबर जातो.

माझा मुख्य राग गणिताबद्दल होता, हे इथे सरळ सांगतो. बाकीच्या गोष्टींची सवय झाली आहे. गणिताच्या तोंडून ती ऐकायची सवय नव्हती. भागाकारात बाकी किती उरते, ते गणित सांगतं. बाकी कोण उरतो, हे ते सांगत नाही. ते माणसं ठरवतात आणि मग आकड्यांच्या मागे उभी राहतात. माझ्या नोकरीत मी हे रोज बघतो. उत्तर आधी ठरवून त्याला मागून हिशेब जोडला असला, की तो पहिल्या दोन ओळींतच कळतो. कारण त्यात दुसरे रस्ते शोधलेलेच नसतात. अध्यक्षांनी पाच, सहा, सात, आठ करून पाहिलं होतं आणि चाळीसवर येऊन थांबले होते. चाळीसवर थांबायची त्यांना इतकी घाई का होती, एवढाच माझा प्रश्न होता.

बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. मळत राहिली.

"परत आण मग तो," ती म्हणाली.

"आणतो. पण आधी जरा बघू दे."

"काय बघणार? एक्केचाळीसला भाग जाणारे तुझ्या रागाने?"

आमची मुलगी अकरावीत आहे. ती तिथेच मॅन्डरिन संत्रं सोलत होती. ती म्हणाली, "बाबा, इट्स प्राइम. सो व्हॉट? हू सेड इट हॅज टु बी अ रेक्टॅंगल ऑफ रोज अँड कॉलम्स?"

मी म्हटलं, "गोधडी काटकोनात पाहिजे, असं ते म्हणतात."

"गोधडी, येस. बट द स्क्वेअर्स?"

तिचं बोलणं मला लगेच कळलं नाही. मी कागद घेऊन बसलो. अट अशी होती: बरोबर एक्केचाळीस सारखे चौकोन, एक जास्त नाही, एक कमी नाही, मध्ये मोकळं घर नाही, आणि बाहेरची कड सरळ. एकाच जातीच्या ओळी घेतल्या तर हे अशक्य, कारण मग ओळींची संख्या गुणिले ओळीतले चौकोन एक्केचाळीस व्हायला हवेत, आणि त्याला अवयवच नाहीत. पण दोन जातींच्या ओळी घेतल्या तर? तेव्हा गुणाकार एक राहत नाही, दोन गुणाकारांची बेरीज होते. मला शाळेतलं आठवलं: ज्या मूळ संख्येला चाराने भागल्यावर बाकी एक उरते, ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते. एक्केचाळीस भागिले चार, दहा वेळा जाऊन बाकी एक. मग वर्ग कोणते? पंचवीस आणि सोळा. पाचाचा वर्ग आणि चाराचा वर्ग.

मी मान वर केली तर समोर संत्र्यांची लाकडी पेटी होती. पेटीत संत्री एकाखाली एक बसवत नाहीत. एका ओळीतल्या संत्र्यांच्या मधल्या खाचांत पुढची ओळ बसवतात. चौकोन असा तिरका, टोकावर उभा केला, तर पाचांची ओळ, तिच्या खाचांत चारांची, पुन्हा पाचांची, पुन्हा चारांची. पाचांच्या पाच ओळी म्हणजे पंचवीस. चारांच्या चार ओळी म्हणजे सोळा. कडेला फक्त त्रिकोण उरतात, तिथे साधं मांजरपाट लावायचं. ते कोणाचेच तुकडे नव्हेत, ती गोधडीची चौकट आहे.

मी ताळा करून पाहिला. ज्या आकड्याची दुप्पट करून एक वजा केल्यावर विषम संख्येचा वर्ग येतो, तोच असा चौरसात बसतो. एक्केचाळिसाची दुप्पट ब्याऐंशी, वजा एक एक्क्याऐंशी, नवाचा वर्ग. चाळीस घेतले तर एकोणऐंशी येतात, तो वर्ग नाही. म्हणजे अध्यक्षांच्या लाडक्या चाळीसला हा नमुना जमतच नव्हता, आणि एक्केचाळीसला अगदी नेमका जमत होता. मी हे पुन्हा एकदा तपासलं. नंतर मला फार राग आला. उत्तर इतकं जवळ होतं. एक माणूस, एक पेन्सिल आणि थोडी इच्छा, एवढंच लागत होतं.

पुढच्या रविवारी दुपारी अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये गोधडीची मीटिंग होती. बायको येणार नव्हती. निघताना तिने अचानक जॅकेट चढवलं आणि म्हणाली, "तुकडा परत घ्यायचा झाला तर माझ्या हाताने घेईन." मुलीने रंगीत कागदाचे एक्केचाळीस चौकोन कापून दिले होते. त्यांतला एक पांढरा होता आणि त्याच्या कडेला तिने निळी पट्टी काढली होती.

बेसमेंटमध्ये पंधरा-वीस जण होते. पिंगपाँगच्या टेबलावर खरे तुकडे ढीग करून ठेवले होते: पैठणी, इरकल, खण, कोणाच्या आजोबांच्या फेट्याचं कापड. आमचा बाजूला, वॉशिंग मशिनवर होता, त्याच पातळ कागदात.

मी कोणाला काही न विचारता टेबलाच्या मोकळ्या बाजूला कागद मांडायला लागलो. शिवणकामाची जबाबदारी असलेल्या अध्यक्षांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना काकूच म्हणतो, जवळ आल्या आणि बोट ठेवून मोजू लागल्या. "पाच, नऊ, चौदा, अठरा, तेवीस, सत्तावीस, बत्तीस, छत्तीस... अगंबाई, एक्केचाळीस!"

"एकही उरला नाही," मी म्हटलं. "मोकळं घर नाही, भरतीचा तुकडा नाही. तुमचा नियम जसाच्या तसा."

अध्यक्षांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "कडेला हे त्रिकोण उरतायत."

"तिथे साधं कापड. चौकट कुठल्याही गोधडीला लागतेच."

"शिवायला फार अवघड जाईल बायकांना."

"अवघड कसलं त्यात?" काकू पटकन बोलून गेल्या. "शंकरपाळीसारखी तर आहे. माझी आई डोळे मिटून शिवायची." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "दिसतेही छान. म्हणजे... तशी."

मला वाटलं, संपलं. गणित म्हणून जी अडचण सांगितली होती, ती गणितानेच सुटली होती. अडचण खरोखर तीच असती तर तिथे चहा झाला असता. पण अध्यक्षांनी घसा साफ केला.

"तसं नाही," ते म्हणाले. "नुसतं गणित नाही ना बघायचं. एकूण कलर स्कीमही असते. सगळे तुकडे भरजरी, रंगीत. त्यात मध्येच एक पांढरा आला तर तो उगाच उठून दिसेल. लोक विचारतील."

"काय विचारतील?" बायको म्हणाली. ती तोवर जिन्याजवळच उभी होती.

"अहो वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मनाला नाही लावत. रंगाचं विचारते. पांढरा चालत नाही, असं ठरलंय का?"

"ठरलं असं नाही, पण..."

"तुमच्या घरचा तुकडा कोणता, भाऊसाहेब?"

अध्यक्षांनी ढिगाकडे पाहिलं. काकूंनी पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं, कारण तो सगळ्यात वर होता.

"माझ्या वडिलांच्या धोतराचा," ते म्हणाले.

"रंग?"

"पांढराच आहे. पण त्याला लाल काठ आहे."

"आमच्याला निळा आहे," बायको म्हणाली.

बेसमेंटमध्ये घर तापवणारी फर्नेस सुरू झाल्याचा आवाज आला. कोणीतरी बोलावं, अशी माझी फार इच्छा होती. लाल चालतो आणि निळा का चालत नाही, हे कोणीतरी एकदा स्पष्ट मराठीत, सगळ्यांसमोर सांगावं. मी गणित घेऊन आलो होतो, त्याला उत्तर देता येतं. पण ते कारण तोंडातून काढायची तिथे कोणाचीही तयारी नव्हती. म्हणून तर ते मूळ संख्येच्या तोंडी घातलं होतं.

शेवटी काकू वॉशिंग मशिनपाशी गेल्या, कागद सोडला, तुकडा उलटसुलट करून पाहिला. "किती मऊ झालाय," त्या म्हणाल्या. "इस्त्री सुरेख केलीय गं." आणि तो त्यांनी ढिगात ठेवला. अध्यक्ष म्हणाले, "बरं, बरं. चला, सगळेच घेऊ." जणू आम्हाला काही दिलं होतं. टाळ्या वाजवणारेही दोघे-तिघे निघाले. मला त्यांची कीव आली नाही. संतापच आला. आठवडाभर यातल्या कोणीही मला फोन करून 'हे बरोबर नाही' असं म्हटलं नव्हतं.

गाडीत मी विजयी स्वरात काहीतरी बोललो असेन. बायको समोरच्या काचेवरचं धुकं पुसत होती.

"चाळीस जणींनी नुसतं कापड दिलं," ती म्हणाली. "मला कापडाबरोबर नवरा, त्याचं गणित आणि पोरीने कापलेले कागद न्यावे लागले. मग ते बसलं. यात खूश काय व्हायचं?"

तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता. जो पुरावा इतर कोणाकडे मागितला नाही तो आमच्याकडे मागितला, आणि आम्ही दिला म्हणून मागणं योग्य ठरत नाही.

मेळ्यात गोधडी भिंतीवर लागली. सुंदर दिसत होती, हे मान्य करायला हवं. लोक थांबून फोटो काढत होते. शेजारच्या हॉलमधल्या युक्रेनियन बायका तर बोटांनी टाके चाचपून पाहत होत्या. सासूबाईंचा तुकडा खालून दुसऱ्या ओळीत, चारांच्या रांगेत होता, काठ वरच्या तिरक्या कडेला. बायको त्याच्यासमोर एकदाच उभी राहिली, मग चहाच्या टेबलावर मदतीला गेली.

तिथेच अध्यक्ष माझ्याकडे आले. चेहरा अगदी प्रसन्न. गोधडीची मांडणी कोणाची, असं बऱ्याच लोकांनी विचारलं होतं म्हणे.

"संध्याकाळी स्टेजवर दहा मिनिटं बोलाल का?" ते म्हणाले. "मुलं असतील, इथले पाहुणे असतील. वर्गांची बेरीज वगैरे, इंटरेस्टिंग आहे. आपल्या मंडळाची गणिती गोधडी! लोकांना आवडेल."

"बोलतो," मी म्हटलं. "पण हा नमुना शोधावा का लागला, तिथून सुरुवात करावी लागेल."

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण थोडं वर अडकल्यासारखं. "तेवढं सोडून सांगा ना. झालं गेलं. फक्त गणित सांगा."

"तेच तर गणित आहे, साहेब. तेवढं सोडलं की चाळीस उरतात. आणि चाळीसचं सांगण्यासारखं काहीच नाही. पाच आठे चाळीस."

ते कोणीतरी हाक मारल्यासारखं करून गर्दीत गेले. संध्याकाळी माझ्या दहा मिनिटांत लहान मुलींचा नाच झाला. मी शेवटच्या रांगेत बसून तो पाहिला आणि बायको चहाची भांडी विसळून आली तेव्हा आम्ही घरी निघालो.